एकेका घटाची विचारपूस

वाचकहो, आपण कोलकात्यास गेला असाल, तर एस्प्लनेडच्या चौकातून गेल्यावाचून आपला प्रवास पुरा झाला नसेल. तेथील लोक या भागास धर्मतला असेही म्हणतात. एका बाजूस मैदानाची हिरवळ, दुसऱ्या बाजूस दुकानांची रांग, मध्ये ट्रामचे रूळ, आणि जवळच माथ्यावर पृथ्वीगोल मिरविणारी व्हिक्टोरिया हाउस ही वीजपुरवठा कंपनीची इमारत. भारतातील विजेच्या इतिहासाची इतकी पाने एकाच परिसरात क्वचितच सापडतील. येथून जवळच्या इमामबाग गल्लीत १७ एप्रिल १८९९ रोजी कलकत्ता वीजपुरवठा कंपनीचे पहिले वीजघर सुरू झाले. २७ मार्च १९०२ रोजी शहरातील पहिली विजेची ट्राम एस्प्लनेडहूनच खिदिरपूरला निघाली. भारतातील पहिली भुयारी रेल्वेही २४ ऑक्टोबर १९८४ रोजी येथूनच भवानीपूरकडे धावली. पुढे मार्च २०२४ मध्ये हुगळी नदीच्या तळाखालून हावड्याकडील मार्ग एस्प्लनेडला येऊन मिळाला, आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी सियालदहचा दुवाही जोडला गेला.

आज या चौकाच्या पोटात जमिनीखाली माणसांचा अखंड ओघ वाहत असतो. गाड्यांना ७५० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह रुळांशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून मिळतो. दिवे, पंखे, सरकते जिने, तिकिटाची फाटके, सूचना देणारे ध्वनिक्षेपक असे सारे काही विजेवर चालते. अशा ठिकाणी, सूर्यप्रकाशाचा एक किरणही पोचत नाही तेथे, वीज एकाएकी गेली तर काय होईल, हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा.

त्याचे उत्तर प्रवाशांच्या दृष्टीस सहसा न पडणाऱ्या एका खोलीत असते. भूमिगत स्थानकांत, वीज-उपकेंद्रांत, दूरध्वनी केंद्रांत आणि रुग्णालयांत बॅटऱ्यांचे संच मांडलेले असतात. मुख्य पुरवठा तुटताच बाहेर पडण्याच्या वाटेवरील दिवे, संदेशयंत्रणा आणि नियंत्रणाची साधने या संचांवर चालू राहतात. जनित्र सुरू होईतो जो काही थोडा काळ जातो, तो याच बॅटऱ्या निभावून नेतात. काही ठिकाणी निकेल-कॅडमियमचे घट वापरतात, अलीकडे लिथियमचेही येऊ लागले आहेत. परंतु आपल्या देशात या कामी सर्वाधिक परिचित आहे ती शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी. तीच आपल्या घरातील इन्व्हर्टरखाली आहे, मोटारीच्या टपाखाली आहे, शेतावरील सौरदिव्याच्या पेटीतही आहे. तिची निगा कशी राखावी आणि बाजारात ज्यास ‘स्मार्ट चार्जर’ म्हणतात त्या यंत्राचा त्या कामी कितपत उपयोग होतो, हे आज पाहावयाचे आहे.

विजेला उठविणारी वीज

ही बॅटरी केवळ अंधारातील सोय नव्हे, हे ३१ जुलै २०१२ च्या प्रसंगावरून ध्यानात येईल. त्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे वीजजाळे कोसळले. साठ कोटींहून अधिक लोक राहतात एवढ्या विस्तीर्ण प्रदेशास त्याची झळ पोचली. दिल्लीतील मेट्रो थांबली. पश्चिम बंगालमधील कोळशाच्या खाणींत लिफ्ट बंद पडल्यामुळे सुमारे दोनशे कामगार जमिनीखाली अडकले. सुदैवाने त्या सर्वांची सुटका झाली.

असे जाळे कोसळले म्हणजे ते पुन्हा उभे कसे करतात? वीजघर आणि उपकेंद्रे यांना जोडणारे मोठमोठे सर्किट ब्रेकर असतात. ते उघडावयाचे आणि मिटावयाचे, दोष असल्यास तो ओळखावयाचा, नियंत्रण-कक्षातील दिवे व दूरध्वनी चालू ठेवावयाचे, तर त्यासाठीही वीज लागते, आणि नेमकी तीच तर गेलेली असते! म्हणून प्रत्येक उपकेंद्रात एक बॅटरी-संच असतो. दोन-दोन व्होल्टचे ५५ घट एकापुढे एक जोडून ११० व्होल्टचा संच करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. निजलेल्या विजेला उठविण्यासाठी जी वीज लागते, ती या संचात राखून ठेवलेली असते. तो संच ऐनवेळी दगा देईल, तर कोट्यवधींचे यंत्र समोर असून निरुपयोगी ठरेल.

घरातील हिशेब लहान असला, तरी त्याचे मोल कमी नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत कोलकात्याच्या नागरिकांनी ‘लोडशेडिंग’ हा शब्द रोजच्या बोलीत घेतला. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांनीही पुढे तो पुरता अनुभवला. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासास बसलेले मूल, वाफारा घेणारे दम्याचे आजोबा, बाळंतिणीची खोली यांना अर्ध्या तासाचा अंधारही जड जातो. आणि बॅटरीचा स्वभाव असा, की ती वाईट झाली आहे हे ती बहुधा गरजेच्या क्षणीच सांगते. वर्षभर हिरवा दिवा दाखवीत बसलेली बॅटरी दिवे जाताच पाच मिनिटांत मान टाकते. म्हणून तिची विचारपूस अंधार होण्यापूर्वीच केली पाहिजे.

घटाच्या आत काय घडते?

या बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली लावला. पुन्हापुन्हा भरता येईल असा हा पहिलाच विद्युतघट. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या संयुगाचा लेप पट्टीवर देण्याची युक्ती काढली आणि तिचे कारखानदारी उत्पादन सुलभ झाले. आपल्याकडे हुगळीच्या काठी श्यामनगर येथे १९४६ साली सुरू झालेला बॅटरीचा कारखाना आणि १९६९ साली त्याच कंपनीने पुण्याजवळ चिंचवड येथे काढलेला दुसरा कारखाना हे याच विद्येचे वारस होत.

घटाची रचना साधी आहे. एका पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड असते, दुसरीवर सच्छिद्र शिसे. आणि दोन्ही पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. घटातून वीज घेऊ लागलो, की आम्लातील सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसते आणि आम्ल पातळ होत जाते. उलट दिशेने वीज भरली, की सल्फेट पट्ट्या सोडून आम्लात परत येते. म्हणजे आम्ल किती दाट आहे हे कळले, की घटात वीज किती आहे हे कळले. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी नेमके हेच मोजते. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीत पूर्ण भरलेल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व बहुधा १.२४० च्या आसपास ठेवतात; नेमका आकडा उत्पादकाच्या पत्रकात दिलेला असतो.

येथे एक सोपा आडाखा सांगून ठेवतो. विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात ०.८४ मिळविले, की त्या घटाचा स्वस्थ स्थितीतील विद्युतदाब जवळजवळ बरोबर मिळतो. १.२४ अधिक ०.८४ म्हणजे २.०८ व्होल्ट. बॅटरीत असे सहा घट, म्हणून सुमारे १२.५ व्होल्ट. मात्र हा दाब मोजण्यापूर्वी बॅटरी काही तास चार्जर आणि दिवे या दोहोंपासून मोकळी ठेवली पाहिजे. नुकतीच भरलेली बॅटरी आपली श्रीमंती फुगवून सांगते.

तीन दुखणी

बॅटरी वयाने मरते हे खरे. पण त्याआधी ती बहुधा तीन कारणांनी मारली जाते.

पहिले कारण उपासमार. रिकामी झालेली बॅटरी तशीच दिवसचे दिवस पडू दिली, किंवा रोज अर्धवटच भरली, तर पट्ट्यांवर बसलेल्या सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन त्यांचे टणक स्फटिक बनतात. मग ते सहजी आम्लात परतत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. उन्हाळ्याच्या सुटीत घर बंद करून गावी गेलेल्या कुटुंबाची बॅटरी परत येईतो निकामी झालेली आढळते, त्याचे बहुधा हेच कारण असते.

दुसरे कारण अतिआहार. घट भरल्यानंतरही प्रवाह चालूच ठेवला, तर त्या विजेस दुसरे काम उरत नाही; ती पाण्याचेच पृथक्करण करू लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातात, पाणी आटते, पट्ट्यांचे माथे उघडे पडतात आणि पट्टीचा सांगाडा झिजत जातो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १४.४ व्होल्टच्या पुढे दाब गेला, की हे बुडबुडे जोराने येऊ लागतात. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर रात्रभर लावून ठेवला, म्हणजे सकाळी बॅटरी ‘उकळत’ असलेली दिसते ती यामुळेच.

तिसरे कारण उष्णता. उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेतात, त्यांत चांगल्याबरोबर वाईटही आल्या. तापमान दहा अंशांनी कायम चढे राहिले, तर बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा अनुभवाचा दाखला आहे. कोलकात्याच्या दमट उन्हाळ्यात काय, किंवा चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात काय, पत्र्याच्या छपराखाली वा स्वयंपाकघराच्या चुलीशेजारी ठेवलेली बॅटरी अल्पायुषी ठरली तर त्यात नवल नाही.

शहाणा चार्जर काय करतो?

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, आणि बॅटरीस हवी असते एकदिश. म्हणून चार्जर हा प्रथमतः रूपांतर करणारा. जुना चार्जर एवढेच करून थांबे. पुढचे सारे शहाणपण, म्हणजे केव्हा जोडावा, प्रवाह केव्हा उतरवावा, केव्हा काढावा, हे माणसाकडे असे. मोठ्या वीजघरांत आणि रेल्वेच्या बॅटरी-खोल्यांत हाती हायड्रोमीटर आणि काखेत वही घेऊन फिरणारा कर्मचारी हे काम करी. स्मार्ट चार्जरमध्ये त्या कर्मचाऱ्याच्या विद्येचा एक भाग सूक्ष्म संगणकाच्या रूपाने बसविलेला असतो.

त्याचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीत तो ठरावीक प्रवाह देतो. दीडशे ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीस साधारणतः त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे १५ ॲम्पिअर, मानवतो. भुकेल्या माणसाने आरंभी भराभर जेवावे, तसा हा काळ असतो; बहुतेक वीज याच वेळी भरली जाते. दाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढला, की दुसरी पायरी सुरू होते. आता चार्जर दाब तेथेच रोखून धरतो आणि प्रवाह आपोआप उतरत जातो. हे शेवटचे घास सावकाश खावयाचे असतात, त्यास काही तास लागतात. आणि घाई करून हीच पायरी गाळली, तर वर सांगितलेली उपासमार होते. प्रवाह पुरेसा उतरला, की तिसरी पायरी. चार्जर दाब १३.५ ते १३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. या स्थितीस कारागीर ‘फ्लोट’ म्हणतात. बॅटरी स्वतःच्या दोषाने जेवढी झिरपते तेवढीच भरपाई तीत होत राहते. आणीबाणीसाठी राखलेल्या संचांचे बहुतेक आयुष्य याच स्थितीत जाते.

चांगल्या चार्जरला याखेरीज बॅटरीच्या अंगास चिकटवावयाचा तापमापक असतो. बॅटरी तापली, की तो दाब कमी करतो. दर घटामागे दर अंशास ३ ते ५ सहस्रांश व्होल्ट, हे त्याचे साधारण प्रमाण. आकडा क्षुल्लक वाटेल; पण २७ अंशांऐवजी ४० अंशांवर सहा घटांच्या बॅटरीस तो फरक सुमारे ०.३ व्होल्ट होतो, आणि फ्लोटवर महिनोगणती राहणाऱ्या बॅटरीच्या दृष्टीने तेवढा फरक जगण्या-मरण्याचा ठरतो.

आता एक सावधगिरीची सूचना. चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडण्याचा खटका असेल, तर तो नीट पाहून लावावा. पाणी घालण्याची बॅटरी, बंदिस्त बॅटरी आणि जेलची बॅटरी यांना लागणारे दाब निराळे असतात. पाण्याच्या बॅटरीस अधूनमधून मुद्दाम वाढीव दाब देऊन सर्व घट एका पातळीवर आणतात. तोच उपचार बंदिस्त बॅटरीवर केला, तर तिच्यातील पाणी कायमचे जाते, कारण ते परत घालण्यास तिला तोंडच नसते. तसेच मेलेली बॅटरी विजेच्या ठोक्यांनी जिवंत करून देण्याच्या जाहिरातींवर विसंबू नये. कोवळे सल्फेट विरघळू शकते. झिजून पडलेली पट्टी काही परत उगवत नाही.

चार्जर बेरीज पाहतो

येथवर वाचून आपण म्हणाल, की असा शहाणा चार्जर आणला म्हणजे आपली काळजी मिटली. नेमक्या याच समजुतीने अनेक संच बळी पडतात. कारण चार्जरला दोनच तारा असतात. त्या संचाच्या दोन टोकांना जोडलेल्या. मधल्या घटांची एकूण बेरीज त्यास कळते. त्यांतील कोणता घट सुखी आहे आणि कोणता कण्हतो आहे, हे त्यास कळत नाही.

हिशेबच करून पाहू. सहा घटांच्या बॅटरीवर चार्जरने १३.५ व्होल्ट दाब राखला आहे. प्रत्येकाच्या वाट्यास २.२५ व्होल्ट आले, सर्व यथास्थित. आता एक घट आतून जुळून निकामी झाला आणि त्याचा दाब शून्य झाला. चार्जर अजूनही निष्ठेने १३.५ व्होल्टच राखतो आहे. पण आता ते पाचांत वाटले जातात: प्रत्येकी २.७ व्होल्ट! निरोगी पाच घट उकळू लागतात. एकाच्या दुखण्याने पाचांचा जीव जातो, आणि चार्जरच्या काचेवर मात्र १३.५ हा आकडा शांतपणे झळकत राहतो. उत्तम चार्जर, प्रवाह उतरावयास हवा तसा उतरत नाही हे पाहून, काही काळाने धोक्याचा दिवा लावतो. परंतु दोष कोठे आहे हे तोही सांगू शकत नाही. पंचावन्न घटांच्या संचात तर ही लपवाछपवी अधिकच सोपी. तेथे एक घट दोन-तीन दशांशांनी खाली असला, तरी १२४ व्होल्टच्या बेरजेत त्याचा पत्ता कोठून लागणार?

वीज घेताना याच्या उलट घडते. एकसर जोडलेल्या घटांतून सारखाच प्रवाह वाहतो. दुबळा घट आधी रिकामा होतो; पण इतर अजून भरलेले असतात, म्हणून प्रवाह थांबत नाही. तो रित्या घटातून तसाच रेटला जातो आणि त्या घटाची ध्रुवता उलटी होऊ लागते. थकलेल्या माणसास रांगेतून बाहेर पडू न देता पुढे ढकलीत न्यावे, तसाच हा प्रकार. म्हणून असे म्हणतात, की संचाचे बळ त्याच्या सर्वांत दुबळ्या घटाएवढेच. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्या माणसाने ‘घरात सर्व ठीक ना?’ असे दारातूनच विचारून भागत नाही. प्रत्येकाजवळ घटकाभर बसावे लागते. बॅटरीच्या बाबतीत ती घटकाभराची बैठक अजूनही माणसानेच करावयाची आहे.

महिन्याचे अर्धा तास काम

सुदैवाने हे काम फार नाही. महिन्यातील एखादा रविवार त्यासाठी ठरवावा.

प्रथम इन्व्हर्टर आणि चार्जर बंद करावेत. ओल्या फडक्याने बॅटरीचा माथा पुसावा. आम्लाच्या ओलाव्यातून आणि धुळीतून वीज सतत झिरपत असते. टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर दिसला, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने तो धुवावा. मात्र झाकणे घट्ट लावलेली असावीत. सोड्याचा एक थेंबही घटात जाता कामा नये. मग जोड घट्ट आवळून त्यावर व्हॅसलिनचा हात फिरवावा.

नंतर पाण्याची पातळी पाहावी. पाणी घालावयाचे ते केवळ बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी. नळाच्या वा विहिरीच्या पाण्यातील लोह, क्लोराइड वगैरे द्रव्ये पट्ट्यांचे कायमचे नुकसान करतात. उकळून गाळलेल्या पाण्यातही ती शिल्लकच असतात. आम्ल पुन्हा कधीही घालू नये, कारण आटते ते पाणी. आम्ल जागेवरच राहते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालावे. एरवी बॅटरी पूर्ण भरल्यावर मगच खुणेपर्यंत पातळी आणावी, नाही तर भरताना ती उतू जाते.

तीन महिन्यांतून एकदा, बॅटरी पूर्ण भरून स्वस्थ झाल्यावर, हायड्रोमीटरने प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे आणि एका वहीत तारखेसह लिहावे. सहा घटांचे सहा आकडे. सर्व आकडे सारखेच थोडे खाली असतील, तर बॅटरी अर्धपोटी आहे. तिला सावकाश पूर्ण भरू द्यावे. एकच आकडा इतरांहून ०.०३० पेक्षा अधिक खाली असेल, तर त्या घटाकडे बोट दाखविले गेले असे समजावे. आधी सर्व घट एका पातळीवर आणणारा वाढीव चार्ज जाणकाराकडून देववावा. तरीही तो घट मागेच राहिला, तर बॅटरी बदलण्याचा विचार करावा. बंदिस्त बॅटऱ्यांत हायड्रोमीटर घालता येत नाही. तेथे संचातील प्रत्येक बॅटरीचा स्वस्थ दाब निरनिराळा मोजावा. वहीतील एका वेळच्या आकड्यापेक्षा चार नोंदींचा कल अधिक बोलका असतो.

क्षमतेचा अंदाजही डोळ्यांपुढे असावा. बारा व्होल्ट आणि दीडशे ॲम्पिअर-तास म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. पण बॅटरी दीर्घायुषी व्हावी, तर नेहमीच्या वापरात तिच्यातील निम्मीच वीज घ्यावी; इन्व्हर्टरमध्ये काही भाग खर्ची पडतो तो निराळाच. दोन पंखे आणि चार लहान दिवे मिळून पावणेदोनशे वॉट धरले, तर सुमारे चार तास निर्धास्तपणे मिळतात. त्यावर शीतकपाट जोडण्याचा मोह टाळावा. सहा महिन्यांतून एकदा हा वापर प्रत्यक्ष करून, वेळ घड्याळात पाहून, वहीत लिहावा. चार तासांचे अडीच झाले, तर ते पुढच्या अंधाराने सांगण्याआधी आपणांस कळेल.

आणखी दोन गोष्टी. संचात जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडू नये. जुनी नव्याला आपल्या वयावर आणून सोडते. आणि समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांच्या तारा एकाच बॅटरीवरून न काढता, एकीच्या धन टोकावरून व दुसरीच्या ऋण टोकावरून काढाव्यात. म्हणजे दोघींवर भार सारखा पडतो.

घरातील मंडळींसाठी

भरल्या जात असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, की एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरी देवघरातील समईजवळ, गॅसच्या शेगडीजवळ वा बंद कपाटात ठेवू नये. हवा खेळती असावी. चार्जरचे चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा, म्हणजे टर्मिनलपाशी ठिणगी उडणार नाही. काम करताना हातातील बांगड्या, अंगठी, गळ्यातील साखळी काढून ठेवावी. धातूची बांगडी दोन टर्मिनलांत सापडली, तर ती क्षणात लाल होते. डोळ्यांवर चष्मा असावा. आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाले, तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि डॉक्टरांकडे जावे. मुलांना या खोलीत खेळू देऊ नये. पण आकडे वहीत लिहिण्याचे काम मोठ्या मुलामुलींना, आपण शेजारी उभे राहून, अवश्य द्यावे. पाठ्यपुस्तकातील रसायनशास्त्र त्यांना घरातच भेटेल.

चार्जर घ्यावयाचा झाल्यास, मग तो एस्प्लनेडलगतच्या चांदनी बाजारात घ्या, मुंबईच्या लोहार चाळीत घ्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानदारास तीन प्रश्न विचारावे. आपल्या बॅटरीच्या प्रकारासाठी यात निवड आहे काय? तापमान पाहण्याची सोय आहे काय? आणि भरून झाल्यावर हा फ्लोटवर उतरतो काय? या तिहींस होकार मिळाला, तर दिव्यांच्या रंगीबेरंगी रांगेस भुलण्याचे कारण नाही.

जुन्या बॅटरीचे काय करावे, हा शेवटचा, पण फार मोठा प्रश्न. तिच्यातील शिसे जवळजवळ सर्व पुन्हा वापरता येते, हा या बॅटरीचा मोठाच गुण. परंतु तेच शिसे उघड्यावर वितळविले, आम्ल गटारात ओतले, तर धूर, माती आणि पाणी विषारी होते. या विषाचा पहिला आघात लहान मुलांच्या मेंदूवर होतो. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांस निर्धोक आहे असे आरोग्यशास्त्र मानीत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्यास चार पैसे अधिक मिळतात म्हणून न देता, नवी घेताना विक्रेत्याकडे परत करावी आणि पावती घ्यावी. आपल्या घरातील उजेडासाठी कोण्या अनोळखी वस्तीतील मूल आजारी पडू नये, एवढी काळजी तर आपण घेऊ शकतो.

वाचकहो, यंत्रे दिवसेंदिवस हुशार होत आहेत, हे चांगलेच आहे. स्मार्ट चार्जरने आपली रात्रीची जागरणे वाचविली, बॅटरीचा अतिआहार आणि उपासमार दोन्ही टाळली. पण तो बेरजेचा राखणदार आहे. त्या बेरजेत कोणता घट मागे पडला आहे, हे पाहणारा डोळा आपलाच असावयास हवा. त्यासाठी लागते ती एक काचेची नळी, एक वही आणि महिन्याचा अर्धा तास. येत्या रविवारी वहीचे पहिले पान उघडा, वर तारीख घाला, आणि एक ते सहा असे आकडे एकाखाली एक लिहून ठेवा.